मुलगी सासरी गेली, तिचं कॉलेजचं वर्ष कुठं गेलं?

चुलीवर दूध ठेवलं असेल तर जाळ बारीक करा आणि एक वही-पेन जवळ घेऊन बसा. आज लिहून घेण्यासारखं बरंच आहे.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गटाची मासिक बैठक चालली होती. हप्ते गोळा झाले होते, वहीवर सह्या चालल्या होत्या. तेवढ्यात दाराशी एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. शेजारच्या गावची लेक, चार दिवस माहेरपणाला आलेली. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत गुणपत्रिका. म्हणाली, "मावशी, मी एफवाय बीकॉम पास आहे. लग्न झालं, आता दुसऱ्या जिल्ह्यात राहते. सासूबाई म्हणतात, शीक पुढं. पण तिकडचं विद्यापीठ वेगळं आहे. माझं पहिलं वर्ष गेलं का? आता परत पहिल्यापासून बसायचं का?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कर्जाच्या व्याजाचा हिशेब विचारला असता तर तोंडपाठ सांगितला असता. याचं उत्तर मात्र एकीलाही येईना. आणि खरं सांगायचं तर, तिचं कॉलेज सुटलं त्यात थोडा दोष आमचाही होता. तो पुढं सांगतो, लपवणार नाही.

त्या मुलीसाठी आम्ही दोन महिने विचारपूस केली. कॉलेजच्या ऑफिसात गेलो, विद्यापीठाच्या खिडकीशी उभ्या राहिलो, सेवा केंद्रात बसलो. तिथं जे समजलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे. एका वाक्यात सांगायचं तर असं: मुलीनं पास केलेलं वर्ष ही तिची कमाई आहे. लग्नानं ती जात नाही, गाव बदलल्यानं जात नाही. ती अडकते कागद नसल्यानं आणि तारीख चुकल्यानं. कागद आणि तारखा तर आपण बायका सांभाळू शकतो. बचत गटाची वही आपण इतकी वर्षं सांभाळतोच आहोत की!

कागद आधी, निकाल नंतर

आपल्याकडे बारावीचा निकाल लागला की धावपळ सुरू होते. मे महिन्यात निकाल, आणि त्याच आठवड्यात सगळा तालुका सेतूच्या दारात. तहान लागल्यावर विहीर खणायची ही सवय आपल्याला महागात पडते.

कोणते कागद लागतात ते लिहून घ्या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड, रहिवास म्हणजेच डोमिसाईलचा दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. इतर मागासवर्गात असाल तर नॉन क्रीमीलेयर. आर्थिक दुर्बल घटकात असाल तर त्याचा वेगळा दाखला. मध्ये वर्षभर शिक्षण थांबलं असेल तर खंड का पडला, याचं प्रतिज्ञापत्र.

यातला सगळ्यात वेळखाऊ कागद जात वैधतेचा. तो तालुक्याला मिळत नाही. जिल्ह्याच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करावा लागतो. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे आणि महसुलाचे जुने पुरावे मागतात, ते शोधण्यातच महिने जातात. म्हणून मुलगी अकरावीत गेली की हा अर्ज करून टाकायचा. काही वर्षी सरकार अर्जाच्या पोचपावतीवर प्रवेश देतं आणि वैधता आणून द्यायला मुदत देतं. पण दरवर्षी तसं होईल या भरवशावर मुलीची जागा टांगून ठेवू नका.

दुसरं म्हणजे दाखल्यावरची तारीख वाचायची. उत्पन्नाच्या दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते आणि ती साधारणपणे ३१ मार्चची असते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये चालत नाही. त्यामुळं हा दाखला घाईनं आधी काढून उपयोग नाही. एप्रिल उजाडला की लगेच काढायचा. नॉन क्रीमीलेयरवरचीही तारीख बघून ठेवा.

अर्ज केल्यावर पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं आहे आणि कार्यालयात तो तक्ता लावलेला असायला हवा. मुदतीत दाखला आला नाही तर अपील करता येतं. पण अपिलासाठी हातात पावती हवी.

प्रवेश कुठं, कसा?

प्रवेशाचे ढोबळ दोन रस्ते आहेत. बीए, बीकॉम, बीएस्सी अशा साध्या पदवीला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा अर्ज भरायचा, गुणवत्ता यादी बघायची, ठरलेल्या दिवसांत पैसे आणि कागद देऊन जागा पक्की करायची.

दुसरा रस्ता व्यावसायिक अभ्यासक्रमांचा. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, नर्सिंग, कायदा यांसाठी राज्याची सीईटी परीक्षा असते. डॉक्टरकीसाठी देशभराची नीट. सीईटीचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आधीच, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होतात. इथंच गावाकडच्या मुली चुकतात, कारण तेव्हा घरात कोणी प्रवेशाचा विचारच करत नाही. २०२४ पासून बीबीए आणि बीसीएसारख्या अभ्यासक्रमांनाही सीईटी लागू झाली. कितीतरी मुलींना हे बारावीनंतर कळलं. तेव्हा मुलीला काय शिकायचं आहे ते दिवाळीत विचारा, मे महिन्यात नाही.

सीईटीनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रिया होते. तिला कॅप राउंड म्हणतात. मुलीनं कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आणि गुणांप्रमाणे जागा मिळते. या फेरीतून मिळालेला प्रवेश आणि कॉलेजच्या संस्थेच्या कोट्यातून मिळालेला प्रवेश यांत मोठा फरक आहे. फी माफीच्या बहुतेक योजना फेरीतून आलेल्या प्रवेशालाच लागू होतात. "कशाला फेरीत थांबता, आत्ताच पैसे भरा, जागा देतो," असं कोणी म्हणालं तर आधी विचारा: याला शिष्यवृत्ती लागू होते का? उत्तर लेखी मागा.

आणि हो, कॉलेजला मूळ कागद दाखवायचे, तपासून झाले की परत घ्यायचे. कॉलेजनं मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच सांगितलेलं आहे. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळण्याचेही टप्पे त्यात आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून थोडी प्रक्रिया फी कापतात. शेवटच्या १५ दिवसांत रद्द केला तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के. १५ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. म्हणजे इथंही दिवस मोजायचे आहेत.

शिष्यवृत्ती: अर्ज भरला म्हणजे काम झालं नाही

आता आमची चूक सांगतो.

त्या मुलीनं पहिल्या वर्षी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरला होता. भरायला ती आमच्याकडेच आली होती. तिचा फोन बिघडला होता, म्हणून आमच्यातल्या एकीनं स्वतःचा मोबाईल नंबर दिला. मदतच केली, असं वाटलं. अर्ज गेला. पुढं कॉलेजच्या पातळीवर तो परत आला, कारण उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली होती. अर्ज परत आल्याचा मेसेज आमच्या मोबाईलवर आला. लग्नसराईच्या जाहिराती आणि रिचार्जच्या मेसेजांत तो कोणी वाचलाच नाही. मुदत निघून गेली. फी थकली. दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी आधीची थकबाकी भरा म्हणून सांगितलं. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष यायच्या आत स्थळ आलं.

एक मेसेज, बायांनो. एवढ्यानं मुलीचं कॉलेज थांबलं.

म्हणून हे नीट ऐका. महाडीबीटीवरचा अर्ज आधी कॉलेजकडे जातो. तिथं क्लार्क आणि प्राचार्य तपासतात. मग तो त्या त्या खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो. कुठंही त्रुटी निघाली तर तो मुलीच्या खात्यात परत येतो. दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो, तोही मुदतीच्या आत. त्यामुळं अर्ज भरल्यावर दर पंधरा दिवसांनी तो कुठं आहे ते बघायचं. मोबाईल नंबर आणि ईमेल मुलीचाच हवा. सायबर कॅफेवाल्याचा नको, मैत्रिणीचा नको, आणि गटाच्या ताईचाही नको. युजरनेम आणि पासवर्ड मुलीच्या वहीत लिहिलेला हवा.

पैसे थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. यातही एक मेख आहे. मुलीची दोन-तीन खाती असतील तर जे खातं शेवटी आधारशी जोडलं गेलं त्यात पैसे जातात. मग आपण एका बँकेत पासबुक भरून आणत राहतो आणि पैसे भलत्याच बँकेत पडलेले असतात. बँकेत जाऊन विचारा, "माझं आधार सध्या कोणत्या खात्याला सीड आहे?" नुसतं "आधार लिंक आहे का" असं विचारू नका. ती गोष्ट वेगळी आहे.

आता योजना बघू. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. भटक्या-विमुक्त, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी स्वतंत्र योजना आहेत. आर्थिक दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिथं मर्यादा आठ लाख.

मुलींसाठी एक महत्त्वाचा निर्णय २०२४-२५ पासून लागू झाला. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी यातल्या अनेकींना निम्मीच मिळत होती. पण "मुलींना आता सगळं फुकट" असं जे गावभर बोललं जातं ते खरं नाही. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात धरलेली नाहीत. वसतिगृह, मेस, अनामत रक्कम यांचा खर्च वेगळा. आणि माफी आपोआप होत नाही, पोर्टलवर अर्ज करावाच लागतो.

राहण्याच्या खर्चासाठीही योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. केंद्र सरकारचीही एक शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे. बारावीत बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी १२,००० रुपये. त्यातल्या निम्म्या मुलींसाठी राखीव. फार कमी मुली ती मागतात.

शेवटचं. शिष्यवृत्ती एकदा मिळाली की तीन वर्षं आपोआप येते, असं नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायचा. कॉलेजात ७५ टक्के हजेरी हवी. मुदतवाढ मिळते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण मुदतवाढीची वाट बघत अर्ज ठेवू नका. अर्ज परत आला तर दुरुस्तीला दिवस उरले पाहिजेत.

क्रेडिट म्हणजे काय?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. माझं पहिलं वर्ष गेलं का?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत ही पद्धत २०२४-२५ पासून आली, स्वायत्त कॉलेजांत त्याच्या एक वर्ष आधी. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं वर्गातलं शिकणं. प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट, म्हणजे वर्षाला ४० ते ४४. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची होते. पास झालेल्या विषयाचं क्रेडिट मिळतं. एटीकेटी राहिलेल्या विषयाचं, तो सुटेपर्यंत मिळत नाही.

ही क्रेडिट कुठं ठेवतात? त्यासाठी २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. ही पैशाची बँक नव्हे, पण रीत तीच. प्रत्येक विद्यार्थिनीचं खातं, त्याचा बारा अंकी क्रमांक. आता तो अपार आयडी या नावानंही ओळखला जातो. मोबाईलवर डिजिलॉकरमधून तो काढता आणि बघता येतो. फरक एवढाच की यात भरणा आपण करू शकत नाही, विद्यापीठच करतं. म्हणून निकाल लागल्यावर आपली क्रेडिट खात्यात आली का ते बघायचं आणि नसतील आली तर कॉलेजच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात.

मधूनच शिक्षण सोडावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत. एक वर्ष पूर्ण झालं आणि त्यासोबत ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी तसंच केलं तर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येऊन शिकता येतं आणि पदवी एकूण सात वर्षांच्या आत पुरी करायची. म्हणजे लग्न झालं, बाळंतपण झालं, तरी दार बंद होत नाही. पण ते कायम उघडंही राहत नाही. वर्षं मोजत राहायला हवं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, नाहीतर फसगत होईल. क्रेडिट खात्यात आहेत म्हणून दुसऱ्या विद्यापीठानं ती जशीच्या तशी धरलीच पाहिजेत, असं नाही. तिथला अभ्यासक्रम वेगळा असतो. तुमचे विषय त्यांच्या विषयांशी जुळतात का, हे ते तपासतात. याला समकक्षता म्हणतात. जुळलेले विषय धरतात, न जुळलेले द्यायला लावतात.

कॉलेज बदलताना

या कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. हातातलं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

पहिलं, नव्या कॉलेजात जाऊन विचारा. दुसऱ्या वर्षाला जागा शिल्लक आहे का? माझे विषय इथं आहेत का? पहिल्या वर्षाची क्रेडिट धराल का? सोबत गुणपत्रिका आणि पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम न्या. अभ्यासक्रमाची प्रत जुन्या कॉलेजातून किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून मिळते. पात्रतेचा शेवटचा निर्णय विद्यापीठाच्या पात्रता विभागाचा असतो, म्हणून क्लार्कच्या तोंडी "होऊन जाईल"वर विसंबू नका.

दुसरं, तिकडून होकार आला की जुन्या कॉलेजातून कागद काढा. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, आणि विद्यापीठ बदलत असेल तर विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात. काही ठिकाणी ना हरकत प्रमाणपत्रही मागतात. अनामत रक्कम भरली असेल तर तीही परत मागा.

तिसरं, सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो. मायग्रेशन नव्या विद्यापीठात जमा करावं लागतं, त्याची प्रत जवळ हवी.

चौथं, शिष्यवृत्ती. नव्या कॉलेजची माहिती पोर्टलवर भरावी लागते. जुन्या कॉलेजकडे अडकलेला अर्ज असेल तर तो आधी मार्गी लावा. मध्ये खंड पडला असेल तर त्या योजनेत किती खंड चालतो ते विचारा. काही योजनांत दोन वर्षांपेक्षा जास्त चालत नाही.

लग्नानंतरचं नाव आणि उत्पन्न

लग्न झालं की आपण पहिलं काम करतो ते आधारवर नाव बदलायचं. पण गुणपत्रिका माहेरच्या नावाची, जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, बँक खातं एका नावाचं आणि आधार दुसऱ्याच. मग पोर्टल अडतं. शिक्षण चालू आहे तोवर सगळीकडे गुणपत्रिकेवरचंच नाव राहू द्या. बदललंच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद जवळ ठेवा. जात जन्मानं ठरते, लग्नानं बदलत नाही. म्हणून जातीचे आणि वैधतेचे माहेरचे कागद सासरी जाताना मुलीसोबतच द्या. पितळेचा डबा राहिला तर पुढच्या फेरीला नेता येईल.

उत्पन्नाचं मात्र उलट आहे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत, लग्न झालेल्या आणि नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न धरतात. म्हणजे दाखला सासरच्या तहसीलमधून काढायचा. वडिलांच्या नावचा जुना दाखला जोडला तर अर्ज परत येतो.

ज्यांना रोज कॉलेजला जाणं जमणार नाही, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्याची अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं एसएनडीटी महिला विद्यापीठही दूरस्थ शिक्षण देतं. आधीचं वर्ष धरलं जाईल का, ते इथंही प्रवेशाआधी लेखी विचारा. आणि ज्या ताईंचं शिक्षण क्रेडिटच्या आधीच्या काळात सुटलं, त्यांनीही गुणपत्रिका फेकून देऊ नयेत. त्यांचा प्रश्न विद्यापीठाच्या जुन्या नियमांनी सुटतो. एकदा अर्ज करून तर बघा.

गटानं काय करायचं?

आमच्या गटानं आता एक नवी वही केली आहे. कर्जाच्या वहीशेजारीच ती ठेवतो. गावातल्या अकरावीच्या पुढच्या प्रत्येक मुलीचं एक पान. त्या पानावर कोणता दाखला आहे, त्याची मुदत कधी संपते, अर्ज कुठं आहे. पासवर्ड मात्र मुलीच्याच वहीत. दर बैठकीला हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं ही वही वाचतो. जिचा अर्ज परत आला असेल तिच्यासोबत दुसऱ्या दिवशी दोघीजणी ऑफिसात जातात. एकटीला उद्या ये म्हणतात, दोघींना खुर्ची देतात. जागा पक्की करायला पैसे कमी पडले तर गटातून तातडीचं छोटं कर्ज द्यायचं, असा ठरावही केला आहे.

आणि ती मुलगी? नव्या विद्यापीठानं तिची पहिल्या वर्षाची क्रेडिट धरली. दोन विषय जुळले नाहीत, ते तिला जास्तीचे द्यावे लागतील. जुन्या कॉलेजची थकबाकी तिच्या सासूबाईंनी त्यांच्या गटातून कर्ज काढून भरली, कारण त्याशिवाय दाखला मिळत नव्हता. आमच्या चुकीचा तो भुर्दंड त्या बाईनं सोसला, हे आम्हाला लागून राहिलं. पण या जूनमध्ये ती एसवाय बीकॉमच्या वर्गात बसली. फोन करून म्हणाली, "मावशी, नंबर माझाच दिलाय बरं का!"

तेव्हा मैत्रिणींनो, आजच एक काम करा. घरातल्या, शेजारच्या एखाद्या शिकत्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला मागून घ्या आणि त्यावरची तारीख वाचा. शिकणं थांबलेली एखादी सून असेल तर तिच्या गुणपत्रिका कुठं आहेत ते विचारा. पेटीच्या तळाशी असतील तर वर काढा.

तुमचे प्रश्न पोस्टकार्डावर लिहा नाहीतर गटाच्या बैठकीत सांगा. पुढच्या भागात त्यांची उत्तरं घेऊन येऊ. तोवर नमस्कार!